मांडीला आयएसआय मार्क

परदेशी लेकीकडे जायचं ठरलं की वर्ध्यातल्या घरात पहिली बैठक बसते ती वजनाची. कुरडया किती, सरगुंडे किती, तिखट घरचं की विकतचं, यावर चार रात्री जागरण होतं. सोबत येणाऱ्या दोन वर्षांच्या नातवाला लंडनच्या टॅक्सीत कशात बसवायचं, हा विषय कुणाला सुचतच नाही. सुनेनं काढलाच, तर रामनगरातल्या आजी जागीच निकाल देतात, “काऊन बाप्पा, मोटारीत बसाले पोराले खुर्ची कायले पाह्यजे? माही मांडी काय मोडली?”

आजीची मांडी ही आपली राष्ट्रीय बालसुरक्षा योजना आहे. तिला पट्टा नाही, बक्कल नाही, मुदत संपायची तारीख नाही. अडचण एवढीच, की ताशी ५० च्या वेगात गाडी आदळली तर दहा किलोचं लेकरू क्षणभर तीनशे किलोंच्या आसपास ओढ घेतं. आणि आजींना गुडघ्यांपायी पाच किलोंची कणकेची पिशवीसुद्धा उचलवत नाही.

सून नेटाची निघाली. तिनं शोधून काढलं, की अमेरिकेतल्या चुलतदिराकडची जुनी सीट फुकट मिळाली तरी ब्रिटनमध्ये कायद्याला चालत नाही, तिथं युरोपीय प्रमाणपत्राची लागते. बालसीटांच्या नव्या ‘आर १२९’ नियमात बाळ पंधरा महिन्यांचं होईस्तोवर त्याचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला ठेवावं लागतं; नातवाचं ते वय उलटलं होतं. यजमानांच्या गाडीत सीट थेट अडकवायच्या आयसोफिक्सच्या कड्या असतीलही, पण रस्त्यावर हात करून थांबवलेल्या टॅक्सीचा भरवसा नाही. म्हणून गाडीच्याच तीन टोकी पट्ट्यानं आवळता येईल अशी, हलकी, घडीची सीट बरी. बारा-पंधरा किलोंचं सिंहासन घेतलं तर ते पहिल्या दिवसानंतर आत्याच्या कपाटातच राहतं.

यावर घरात जो विरोध झाला तो एका वाक्यानं विरला. बऱ्याच विमान कंपन्या लेकराची सीट सामानाच्या वजनात धरत नाहीत! आजींचं तत्काळ मतपरिवर्तन झालं. सीटच्या पिशवीत, पाठ आणि बूड यांच्या मधल्या पोकळीत, दोन किलो कुरडया शिस्तीत बसल्या. बालसुरक्षेचा इतका मनापासून स्वीकार वर्ध्यात याआधी झाला नसावा.

पण आजींच्या चिरंजीवांच्या हाती मोबाइल होता. त्यांनी ब्रिटनचा कायदा वाचला: १२ वर्षं किंवा १३५ सेंटीमीटर, यातलं जे आधी होईल तोवर मुलाला सीट हवीच. खाली बारीक अक्षरात मात्र, टॅक्सीवाल्याकडे योग्य सीट नसेल तर तीन वर्षांखालचं मूल मागच्या बाकावर पट्ट्याशिवायही चालेल. न्यूयॉर्कच्या टॅक्सीत सात वर्षांखालचं पोर मोठ्यांच्या मांडीवर बसू शकतं. सिंगापुरात टॅक्सीला माफी आहे, पण ॲपवरून बोलावलेल्या खासगी भाड्याच्या गाडीला नाही. रस्ता तोच, वेग तोच, पोरही तेच. त्याची कवटी किती मजबूत हे गाडीचा परवाना ठरवतो. टॅक्सीवाला चार मापांच्या सीटा डिकीत घेऊन हिंडणार कसा, ही त्याची अडचण खरीच. सरकारांनी ती समजून घेतली आणि धोका तेवढा मागच्या बाकावर सरकवला.

“पाहा, लंडनलेही चालते!” चिरंजीव ओरडले. लंडनची रांग, लंडनची वेळ, लंडनचं न थुंकणं, यातलं काहीच आपल्याला कधी पटलं नव्हतं. सवलत मात्र पहिल्या वाचनात पटली.

आपला कायदा उलट कडक आहे. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा बालसीटविना नेल्यास हजार रुपये दंड ठेवलाय, आणि त्या कलमात टॅक्सीला माफी लिहिलेली नाही. लिहायची गरजही नव्हती. पट्टा न लावता गाडीची पिपाणी बंद करणाऱ्या क्लिपा आपण इतक्या हौसेनं घेतल्या, की २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच ऑनलाइन दुकानांना त्यांची विक्री थांबवायला सांगावं लागलं. तेरा हजारांवर जाहिराती खाली उतरल्या.

महिन्याभरानं लंडनहून परतलेली मंडळी नागपूर विमानतळावर उतरली. टॅक्सीवाल्यानं हात जोडले, “मागचे बेल्ट कव्हरखाली गेले जी, काढाले टाइम लागन.” कुणी काही बोललं नाही. सीट टपावरच्या कॅरिअरला सुतळीनं चार फेऱ्यांनी आवळली, नातू आजीच्या मांडीवर आला, आणि १२० ची मर्यादा असलेल्या समृद्धी महामार्गावरून गाडी येळाकेळीला उतरेपर्यंत तो खिडकीतून ट्रक मोजत होता.

सीट आता स्वयंपाकघरात असते. नातवाला तिच्यात बसवून वरणभात भरवतात. पट्टा न चुकता लावतात, नाहीतर पोरगं जेवता जेवता पळतं.