बारसं टोरोंटोत, बारावं हॅलिफॅक्सात

सोमवार, १ जुलै १८६७. कॅनडा नावाचं राष्ट्र मध्यरात्रीच जन्माला आलं होतं, पण टोरोंटोच्या 'द ग्लोब'च्या बाहेरगावच्या वाचकांना पेढे उशिरा पोचले. कारण मालक-संपादक जॉर्ज ब्राउन यांचा लेख संपत नव्हता. साहेब रात्रभर लिहीत बसले, छापखान्यात माणसं ताटकळली आणि टपाल नेणाऱ्या पहाटेच्या आगगाड्या अंक न घेताच निघून गेल्या, असं सांगतात. लेख भरला नऊ हजार शब्दांच्या आसपास. मला या सदरात सातशे मिळतात. मालक आणि संपादक एकच असला की शब्दमर्यादा हा विषयच निघत नाही. अत्र्यांच्या 'मराठा'चे जुने वाचक या बाबतीत साक्ष देतील.

ब्राउन यांना भरून आलं होतं, त्यात नवल नाही. या देशाची मोट बांधण्यासाठी १८६४ साली त्यांनी जॉन ए. मॅकडोनाल्ड या हाडवैऱ्याशी हातमिळवणी केली होती आणि पुढच्याच वर्षी वैतागून ते सरकारातून बाहेर पडले होते. त्यामुळे एक जुलैला झालं असं, की जागरण ब्राउन यांनी केलं आणि पंतप्रधान मॅकडोनाल्ड झाले. वर 'सर' हा किताबही त्यांनाच मिळाला.

आता हाच दिवस नव्या देशात विलीन झालेल्या नोव्हा स्कोशियात, हॅलिफॅक्समध्ये बघा. तिथल्या 'मॉर्निंग क्रॉनिकल'ने काळ्या चौकटीत चक्क निधनवार्ता छापली. सारांश असा: नोव्हा स्कोशिया हा स्वतंत्र आणि सुबुद्ध प्रांत काल रात्री बारा वाजता वारला. कारण, पोटच्याच कृतघ्न पोरांनी केलेला दगा. अंत्ययात्रा आज सकाळी नऊ वाजता ग्रँड परेडवरून. आप्तेष्टांनी येऊ नये, कारण शत्रुपक्ष तिथे विटंबना करायला जमणार आहे. 'शोकाकुल'खाली कुणाची नावं घालायची, यावरून आपल्याकडे भावाभावांत अबोला धरला जातो. हॅलिफॅक्सवाल्यांनी तो प्रश्नच ठेवला नाही, थेट मारेकऱ्यांकडे बोट दाखवलं.

मारेकऱ्यांचा म्होरक्या म्हणजे प्रांताचे प्रीमियर डॉ. चार्ल्स टपर. नोव्हा स्कोशियात त्यांचा पुतळा एका जिवंत उंदरासोबत जाळला गेला. बिचाऱ्या उंदराचा विलीनीकरणाशी काय संबंध, हे कुठे नोंदलेलं नाही. पण खरी गंमत ओटावात होती. पहिल्या मंत्रिमंडळात जागा तेरा. ऑन्टारिओला पाच, क्विबेकला चार, न्यू ब्रन्सविक आणि नोव्हा स्कोशियाला प्रत्येकी दोन. शिवाय इंग्रज किती, फ्रेंच किती, प्रोटेस्टंट किती, आयरिश कॅथलिक किती, हा हिशेब वेगळाच. जिल्हा-जात-गट-नाराज अशी गणितं ही आपलीच मिरास आहे, असं समजणाऱ्यांनी ही यादी जरूर चाळावी. आयरिश कॅथलिकांचा कोटा जुळेना, तेव्हा टपर आणि डार्सी मगी असे दोन बडे नेते बाजूला झाले आणि हॅलिफॅक्सचे एडवर्ड केनी मंत्री झाले. पुतळा जळाला एकाचा, शपथ घेतली दुसऱ्याने!

नाराजीनाट्यही त्याच दिवशी पार पडलं. गव्हर्नर जनरल लॉर्ड मंक साध्या कपड्यांत आले आणि त्यांनी मॅकडोनाल्डना 'सर' केलं. बाकीच्या काही नेत्यांना एक पायरी खालचा किताब. क्विबेकचे कार्टिए आणि अर्थमंत्री गॉल्ट यांनी तो घ्यायलाच नकार दिला. देशाचं वय त्या वेळी चोवीस तासही नव्हतं.

सरकारी कारकुनांच्या पलटणीने पार्लमेंट हिलवर सलामीच्या फैरी झाडल्या. बार ठासायचे गज काही जण बंदुकीतच विसरले आणि ते स्पार्क्स स्ट्रीटच्या दिशेने भिरभिरत गेले, अशी आख्यायिका ओटावात सांगतात. सरकारी कामाची ती पहिली झलक मानायला हरकत नाही.

पण मला भावते ती ही निधनवार्ता, आणि तिच्यानंतरची गोष्ट. दोन-अडीच महिन्यांत निवडणुका झाल्या. नोव्हा स्कोशियातल्या केंद्राच्या एकोणीस जागांपैकी अठरा जागा विलीनीकरणाच्या विरोधकांनी जिंकल्या. उरलेली एक टपर यांची. 'क्रॉनिकल'चे मालक विल्यम अॅनंड त्याच वर्षी प्रांताचे प्रीमियर झाले. म्हणजे ज्यांच्या पेपरात मयताची बातमी आली, त्यांनीच मयताच्या घरचा कारभार पुढे सात-आठ वर्षं चालवला. आणि विरोधकांचे सेनापती जोसेफ हाउ? लंडनला जाऊन दाद मागून आले, हात हलवत परतले आणि जानेवारी १८६९ मध्ये मॅकडोनाल्ड यांच्याच मंत्रिमंडळात सामील झाले. अर्थात 'प्रांताच्या विकासासाठी'. अनुदान वाढवून मिळालं, हेही खरं. हे वाक्य वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर जो चेहरा आला, त्याची जबाबदारी माझी नाही.

हॅलिफॅक्सचा राग रास्त होता. टपर यांनी लोकांना विचारलंच नाही; निवडणूक टाळून विधानसभेत ठराव उरकून घेतला. बरोबर शंभर वर्षांनी आपल्याकडे गोव्याला रीतसर विचारलं गेलं. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात यायला ३४,०२१ मतांच्या फरकाने नकार आला. टपर साहेबांचा मार्ग त्या आठवड्यात मुंबईत काही जणांना नक्कीच पटला असता.

मी राहतो त्या ओटावाजवळच्या कनाटाचंही असंच विलीनीकरण झालं. १९७८ साली शहर झालं आणि ३१ डिसेंबर २००० च्या मध्यरात्री आसपासच्या नगरपालिकांबरोबर ओटावात विलीन झालं. मयताची वेळ तीच, रात्री बारा. घरपट्टीत मात्र खंड पडला नाही, आणि राहायला कुठे असं विचारलं की इथले लोक आजही कनाटाच सांगतात. तेव्हा एखाद्या गावाची किंवा प्रांताची निधनवार्ता पेपरात दिसली, तर लगेच हार आणायला धावू नका. निदान पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबा.

राहता राहिलं या दिवसाचं नाव. एक जुलैला इथे शंभरहून अधिक वर्षं 'डोमिनियन डे' म्हणत. त्याचा 'कॅनडा डे' करणारं विधेयक ९ जुलै १९८२ रोजी, शुक्रवारी दुपारी, पाचेक मिनिटांत कनिष्ठ सभागृहात मंजूर झालं. सभागृहात त्या वेळी खासदार होते जेमतेम डझनभर. गणपूर्तीला वीस लागतात. मोजायची मागणी कुणीच केली नाही.