सरांचा पेपर अंडर रिव्ह्यू आहे

महाराष्ट्रातल्या कुठल्याही कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयाच्या संगणकशास्त्र विभागात एक सर असे सापडतातच, ज्यांचा एखादा पेपर बारा महिने 'अंडर रिव्ह्यू' असतो. स्टाफरूममध्ये 'काय सर, कसं काय?' असं विचारलं की बाकीचे 'निवांत' म्हणतात, हे 'मेजर रिव्हिजन आलीय' म्हणतात. मुलाच्या मुंजीची तारीख त्यांना घरच्यांना विचारावी लागते, पण कुठलं नियतकालिक कुठल्या महिन्यात स्कोपसच्या यादीतून बाहेर पडलं ते तोंडपाठ असतं. विभागात त्यांच्याविषयी दोन मतं आहेत. नव्यानं तासिका तत्त्वावर लागलेल्या सीएचबीवाल्या पोरांना ते थोर विद्वान वाटतात आणि निवृत्तीला आलेल्या मंडळींना पक्के लबाड. माझ्या मते दोन्ही पक्ष चुकतात. सर हे त्या इमारतीतले सर्वांत आज्ञाधारक गृहस्थ आहेत. वरून जे मागितलं गेलं ते त्यांनी मागितलं त्या नमुन्यात, मागितलं त्या प्रतींत सादर केलं. मागणाऱ्यानं वाचक मागितला नव्हता, म्हणून सरांनी तो जोडला नाही.

आधी सरांचा पेपर नीट पाहू. शीर्षक 'अ नॉव्हेल हायब्रिड डीप लर्निंग बेस्ड फ्रेमवर्क फॉर' असं सुरू होतं. इथवरचा मजकूर कायमचा. पुढचं पीक तेवढं बदलतं. गेल्या वर्षी टोमॅटो होता, यंदा बटाटा आहे, पुढच्या वर्षी द्राक्षाची चिन्हं दिसताहेत. विषय पानावरचा रोग फोटोवरून ओळखण्याचा. पण त्यासाठी चपलेला चिखल लावून घ्यायची गरज नसते. 'प्लांटव्हिलेज' नावाचा 54,306 फोटोंचा संग्रह इंटरनेटवर फुकट मिळतो. त्यात 14 पिकं आहेत, पीक आणि रोग यांच्या 38 जोड्या आहेत आणि पानं तोडून साध्या पार्श्वभूमीवर छान पसरून ठेवलेली आहेत. 2016 मध्ये मोहंती, ह्यूजेस आणि सलाते या तिघांनी या फोटोंवर 99.35 टक्के अचूकता मिळवली, आणि त्याच लेखात हेही लिहून टाकलं, की वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिले तर अचूकता 31 टक्क्यांच्या आसपास घसरते. 99 चे 31 का होतात, हा खरा संशोधनाचा प्रश्न. सर मात्र 99.35 हा आकडा उचलतात, दशांशचिन्हाच्या उजवीकडे थोडी भर घालतात आणि 'प्रस्तुत पद्धती प्रचलित पद्धतींपेक्षा सरस ठरते' असं लिहून मोकळे होतात. 31 चं काय, हे नाशिकचा द्राक्ष बागायतदार विचारील. पण तो रिव्ह्यूअर नसतो, आणि त्याच्या विचारण्याला गुणही नसतात.

गुणांचा उल्लेख आलाच आहे, तर विद्यापीठ अनुदान आयोगाची 2018 ची नियमावली उघडू. विज्ञान शाखांत मान्य नियतकालिकातल्या एका पेपरला 8 गुण. नियतकालिकाला इम्पॅक्ट फॅक्टर असेल तर त्यावर आणखी : तो 1 पेक्षा कमी असला तर 10, आणि चढत चढत 10 च्या वर गेला तर 30. पेपरात काय लिहिलंय याला या कोष्टकात रकाना नाही. याहून रम्य आहे ते लेखकांचं गणित. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला 70 टक्के गुण. दोनाहून अधिक असतील तर मुख्य लेखकाला 70 आणि बाकीच्यांना प्रत्येकी 30 टक्के. म्हणजे दोघांनी मिळून लिहिलेल्या एका पेपरातून 140 टक्के श्रेय निघतं आणि दहा जणांच्या पेपरातून 340 टक्के. वाटल्यानं वाढतं ते ज्ञान, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. आयोगानं ते आकडेमोड करून दाखवलं. सर संगणकशास्त्राचे, त्यामुळे हे गणित त्यांना इतरांच्या आधी उमगलं. त्यांच्या पेपरावर प्राचार्यांचं नाव का असतं, आयक्यूएसीच्या, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या, मॅडम बटाट्याच्या करप्यावर तज्ज्ञ कधी झाल्या, हे प्रश्न विचारणाऱ्याला नियम ठाऊक नाहीत एवढंच सिद्ध होतं. तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला आणणाऱ्याला 'दाखल्यातलं गद्य अगदीच सुमार आहे हो' असं आपण म्हणत नाही. शिक्का आहे ना, एवढंच पाहतो. पेपर हा बढतीच्या फायलीतला दाखला झाल्यावर सरांनीही शिक्क्याचीच काळजी घेतली.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : नियम काहीही असोत, पैसे भरून भुक्कड नियतकालिकात छापून आणणं ही लबाडीच. मान्य. पण भुक्कड कोण, हे सरांना सांगायचं कुणी? आयोगानं स्वतःच मान्य नियतकालिकांची यादी केली आणि मे 2018 मध्ये तिच्यातून 4,305 नावं स्वतःच गाळली. त्याच वर्षी भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये विद्यापीठांनीच सुचवलेल्या 1,009 नियतकालिकांची तपासणी प्रसिद्ध केली; त्यांतली 88 टक्क्यांहून अधिक शिफारस करण्याजोगी ठरली नाहीत. मग 'केअर' यादी आली, तिचा कारभार पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चालला, आणि 2025 मध्ये तीही बंद करून 'तुमचं तुम्हीच ठरवा' असं महाविद्यालयांना सांगण्यात आलं. उचलेगिरीचंही तेच. नियमानं 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ केलं, आणि उसना मजकूर सॉफ्टवेअरमधून फिरवून शब्द बदलून देणारी कला जगभर फोफावली. 2021 मध्ये गियोम काबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव यांनी अशा शब्दांची जंत्रीच मांडली. तिच्यात 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' झालेलं आहे आणि 'बिग डेटा' 'कलॉसल इन्फर्मेशन' या नावानं वावरतो आहे. संगणकशास्त्राच्या पेपरात हे शब्द छापून येतात, याचा अर्थ लेखकापासून संपादकापर्यंत एकानंही ते वाचले नव्हते. टक्केवारी मात्र सगळ्यांनी पाहिली होती आणि ती नियमात बसत होती.

दुसरा आक्षेप जरा उच्चभ्रू आहे : हे सगळं आपल्याकडचं, बाहेर रिव्ह्यूअर असतात, ते असलं काही आत येऊ देत नाहीत. हा विश्वास हृद्य आहे. 2005 मध्ये एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी 'सायजेन' नावाचा प्रोग्राम लिहिला. बटण दाबलं की तो संगणकशास्त्राचा संपूर्ण निरर्थक पेपर आलेखांसह काढून देई. 2014 मध्ये स्प्रिंगर आणि आयईईई या दोन बड्या प्रकाशकांना असे 120 हून अधिक पेपर मागे घ्यावे लागले. छापून झाल्यावर ते पकडले गेले, आणि पकडणारे पुन्हा लाबेच. त्याच वर्षी, 'मला मेल पाठवणं बंद करा' या अर्थाचं एकच शिवराळ वाक्य दहा पानं भरून लिहिलेला एक पेपर संगणकशास्त्राच्या एका 'आंतरराष्ट्रीय' नियतकालिकानं 'उत्कृष्ट' ठरवून स्वीकारला आणि 150 डॉलर मागितले. हा झाला तळ, शिखराकडे जाऊ. 2014 मध्येच, तेव्हा 'निप्स' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मशीन लर्निंगच्या अव्वल परिषदेनं आलेल्यांपैकी साधारण दहा टक्के पेपर दोन स्वतंत्र समित्यांकडे पाठवले. एका समितीनं स्वीकारलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक पेपर दुसरीनं नाकारले. तिथले रिव्ह्यूअर पेपर वाचतात यात शंका नाही, तरी ही गत. मग जिथं वाचण्याची अटच नाही, तिथं रिव्ह्यूअर 'इंग्रजी सुधारा आणि सोबतच्या पाच संदर्भांचा समावेश करा' एवढं लिहून थांबला, आणि ते पाचही संदर्भ त्याच्याच पेपरांचे निघाले, तर त्यालाही सरांसारखाच आज्ञाधारक म्हणायला हवं. त्याच्या कोष्टकातही साइटेशनचा रकाना असतो.

तिसरा आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. सक्ती होती म्हणून निदान काही वाचन झालं, चार पोरांना कोड लिहिता आलं. सक्ती काढली तर सर पुन्हा पिवळ्या पडलेल्या नोट्सकडे वळतील. यात तथ्य आहे, आणि छोट्या गावात, तुटपुंज्या साधनांवर खरं काम करणारे सरही आहेत. पण या व्यवस्थेत सर्वांत जास्त मार खातात ते हेच. महिनोन् महिने खपून शेतातले फोटो गोळा करणारा आणि '31 चे 45 कसे झाले' एवढंच नम्रपणे सांगणारा माणूस आकड्यांत 99 वाल्यापुढे हरतो. एमएस्सीच्या विद्यार्थिनीला पहिला धडा मिळतो तो असा, की निष्कर्ष आधी लिहायचा आणि प्रयोग नंतर बसवायचा. आणि सक्ती काढली की लेखन आटतं ही भीती खरी धरली, तरी रडायचं कशाला? 2022 च्या नियमांनी पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापण्याची अट काढून टाकली. ज्या पेपरांना ती अट हाच एकमेव वाचक होता, ते न लिहिले गेल्यानं ज्ञानाच्या कुठल्याही शाखेला खाडा पडलेला नाही.

उपाय अवघड नाही. संशोधन नियतकालिकाच्या आकड्यावरून न जोखता त्यातल्या मजकुरावरून जोखावं, असं 2012 च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यानं सांगून ठेवलंच आहे. बढती देणाऱ्या 'कॅस'च्या समितीनं सरांना एवढंच म्हणावं : तुमचा सर्वांत चांगला पेपर निवडा, बाकीचे घरी ठेवा, आणि फळ्याशी उभं राहून अर्धा तास आम्हाला तो समजावून सांगा. माझी खात्री आहे, की सर हेही करतील. आजवर मागितलेलं त्यांनी कधी नाकारलेलं नाही. त्या एका पेपरासाठी ते बागायतदाराच्या बांधावरसुद्धा जातील. अडचण टेबलाच्या पलीकडच्या बाजूला आहे. अर्धा तास समजून घ्यायचं तर समितीला पेपर आधी वाचून यावं लागेल, आणि समितीतल्या सगळ्यांचे स्वतःचे पेपर सध्या अंडर रिव्ह्यू आहेत.