मोहाइट्स सीट

इंग्लंडातल्या एखाद्या हिरव्यागार परगण्यात दिवसभर हिंडायचं तर व्हिसा लागतो. सातारा-सांगलीकरांचं काम पसरणीच्या घाटात भागतं. माल्कमसाहेबानं १८२९च्या सुमारास महाबळेश्वरी आपलं हवा खाण्याचं ठाणं वसवलं आणि कड्यांना गोऱ्यांची नावं पडली. १९४७ला साहेब गेला. आर्थर, विल्सन, एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन इथंच राहिले. एल्फिन्स्टन कोण, असं विचारलं तर 'तिथं कणीस झकास मिळतं' एवढी माहिती हमखास मिळते.

सहाला निघायचं ठरतं, नऊला गाडी हलते. वाईत ढोल्या गणपतीला गाडीतूनच हात जोडायचे, कारण गाडी लावायला जागा नसते. पॉइंटवर धुकं. पण सगळे दरीकडं पाठ करून फोटो काढत असल्यानं धुक्यानं कुणाचं काही अडत नाही. मग क्रीमच्या ढिगाखाली जीआय मानांकनाची स्ट्रॉबेरी शोधायची आणि घाटातल्या रांगेत येऊन बसायचं.

कासचं पठार २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं. तिथली टिचभर फुलं बघायला गुडघे टेकावे लागतात. आपले लोक थेट आडवेच होतात, तेही फुलांवर.

गर्दीचा कंटाळा असेल त्यांनी लिंबला जावं. वीरूबाई भोसल्यांनी बांधवलेली बारा मोटेची अष्टकोनी विहीर तिथं आहे आणि विहिरीच्या पोटात चक्क महाल आहे. औंधच्या डोंगरावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींचं संग्रहालय आहे. रविवर्म्याच्या चित्रांच्या संगतीला हेन्री मूरचं दगडी शिल्पही आहे. हा मूर अस्सल यॉर्कशरचा. म्हणजे खरा इंग्लिश परगणा औंधातच. पण शेजारी कणीसवाला नाही, मग मूरला कोण विचारतो?

सांगलीकरांच्या दाराशी सागरेश्वर आहे. उजाड डोंगरावर धों. म. मोहित्यांनी लोकांना हाताशी धरून जंगल उभं केलं, हरणं आणली. ते बाजूला टाकून सांगलीकर झाडं बघायला महाबळेश्वर गाठतो.

पर्यटन खात्याला एक नम्र सूचना. सागरेश्वरच्या एका टेकडीवर लोखंडी कठडा ठोकावा, 'मोहाइट्स सीट' अशी पाटी लावावी आणि मॅगीच्या दोन गाड्यांना परवाना द्यावा. पुढच्याच रविवारी ताकारीपासून मोटारींची रांग लागेल. आणि एवढी रांग आहे म्हणजे पुढं बघण्यासारखं काहीतरी असणार, हे आपल्या लोकांना वेगळं सांगावं लागत नाही.