स्कॅनर आला, माहितगार कुठे गेला?

संग्रहालय 'डिजिटल' होणार अशी घोषणा झाली की आधी काय येते? मशीन. त्यामागून मशीन बसवणारी कंपनी आणि तिच्यामागून फीत कापणारे पाहुणे. ज्याने उभी नोकरी त्या मूर्तींवरची धूळ पुसण्यात घालवली, तो परिचर फोटोत सगळ्यांच्या मागे असतो.

अनेकदा फोटोतही नसतो.

हा प्रश्न वऱ्हाडाला परका नाही. मूर्तिजापूर तालुक्यातल्या राजनापूर खिनखिनीला जैन धातुमूर्तींचा मोलाचा ठेवा सापडला. आज तो नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे अजब बंगल्यात आहे. संग्रहालय १८६३ सालचे. मूर्ती तिथे जपल्या गेल्या हे चांगलेच झाले. पण खिनखिनीच्या शाळेतल्या पोराला आपल्या गावची मूर्ती पाहायची तर दोनशेएक किलोमीटर जावे लागते. किती पोरे गेली असतील?

डिजिटल तंत्राचा खरा उपयोग इथेच आहे. मूर्ती जागची हलवू नका, पण तिचे चित्र गावात आणा. शाळेच्या भिंतीवर दाखवा, मोबाइलवर दाखवा. याला कोणाचा विरोध असणार?

मात्र नुसते चित्र आले म्हणजे मूर्ती आली असे होत नाही. ती कुठे आणि कशाबरोबर निघाली? पाठीवरच्या लेखात काय आहे? जुन्या नोंदवहीत एखादा क्रमांक खोडून शेजारी दुसरा का लिहिला? कॅमेऱ्याला यातले काही दिसत नाही. हे ठाऊक असते माणसाला, आणि तो माणूस निवृत्तीला आलेला असतो.

शाल-श्रीफळाची तयारी चोख असते. वही-पेन घेऊन त्याच्यासमोर बसायला मात्र कोणी नसते.

सॉफ्टवेअर नाही, ही सबब चालणार नाही. पुण्याच्या सी-डॅकने 'जतन' ही प्रणाली तयार केली, केंद्राच्या संग्रहालयांनी ती वापरली, तिच्यावर राष्ट्रीय पोर्टल उभे राहिले. वस्तूचे नाव, काळ, माप, माध्यम, कुठून आली. सगळे रकाने आहेत. प्रश्न एवढाच की ते भरणार कोण? कंत्राटी पोराला नगावर पैसे ठरवून दिले, तर तो 'दगडी मूर्ती, भग्न' एवढे लिहून पुढच्या नगाकडे वळणार. त्याचा काय दोष? पोटासाठी तो वेगच पाहणार.

दोष ज्ञानाचा भाव नगावर ठरवणाऱ्याचा.

आता जरा रिद्धपूरला चला. अमरावती जिल्ह्यातले हे गाव महानुभावांचे मोठे स्थान. मराठीतला आद्य गद्यग्रंथ लीळाचरित्र याच परिसराशी जोडलेला. पंथाने आपले ग्रंथ शतकानुशतके सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. विसाव्या शतकात राजवाडे, वि. ल. भावे, यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने, बुलढाणा जिल्ह्यात जन्मलेले वि. भि. कोलते अशा अभ्यासकांनी हे वाङ्मय बाहेरच्या वाचकांपर्यंत आणले.

पण कपाटाची किल्ली कोणाकडे होती? महंतांकडे. ती मिळाली कशी? विश्वासाने. कागद दाखवून नव्हे, वर्षानुवर्षे मठात बसून.

आणि हा विश्वास एकदा मिळाला म्हणजे जन्माचा मिळाला, असेही नसते. कोलत्यांनी संपादित केलेले लीळाचरित्र १९७८ साली आले, तेव्हा त्यावर पंथातून आक्षेपही उठले. इतक्या मोठ्या अभ्यासकाला जे चुकले नाही, ते स्कॅनर घेऊन दारात उभ्या राहिलेल्या एजन्सीला चुकेल?

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. केंद्राच्या २०२५च्या अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् मिशन जाहीर झाले. एक कोटीहून अधिक हस्तलिखिते त्यात घ्यायची आहेत. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण पोथी बाळगणारा विचारतो ते साधे आहे. प्रत कुठे राहील? कोण पाहील? पोथीखाली नाव कोणाचे लागेल? पान फाटले तर जबाबदार कोण?

याची उत्तरे लेखी द्या. मग स्कॅनर घेऊन जा.

मोडीचेही तेच. वऱ्हाडावर निजामाचा आणि नागपूरकर भोसल्यांचा दुहेरी अंमल होता. त्यामुळे इथली जुनी कागदपत्रे फारसीत आहेत तशी मोडीतही. मशीन मोडीचे पान काही सेकंदांत टिपते, पण ते पान वाचायला माणूस घडवायला काही वर्षे जातात. स्कॅनिंगसाठी तरतूद होते, मग मोडी वाचणाऱ्याच्या मानधनाला काटकसर कशाला?

न वाचलेले पान कपाटात असले काय आणि सर्व्हरवर असले काय?

शिवाय आपण एकदा पोळलोही आहोत. युनिकोडच्या आधी सरकारी आणि खासगी कचेऱ्यांत ज्याने त्याने आपापल्या फाँटमध्ये मराठी टंकले. आज ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडा. अक्षरांच्या जागी चिन्हांचा सडा. शोधून काही सापडत नाही. मग तोच मजकूर पुन्हा टाइप करा. तेव्हा टंकलेखक बाईंशी कोणी चर्चा केली होती? रोज त्या मजकुराशी झटणाऱ्या त्याच होत्या. निर्णय मात्र खरेदी विभागाने घेतला.

अडाणीपणा फक्त आपल्याकडेच असतो, असेही समजू नका. ब्रिटिश म्युझियमपेक्षा श्रीमंत संग्रहालये जगात किती? तिथल्या सुमारे २००० वस्तू चोरीला गेल्या, हरवल्या किंवा त्यांची मोडतोड झाली, असे ऑगस्ट २०२३ मध्ये उघड झाले. इत्ताई ग्रॅडेल या व्यापाऱ्याने २०२१ मध्येच सावध केले होते. त्याचे म्हणणे बाजूला सारले गेले. पुढे संचालकांना पद सोडावे लागले आणि पाच वर्षांत सगळा संग्रह डिजिटल करण्याची घोषणा झाली. तिथे संगणक कमी होते का? पैसा कमी होता का?

कमी होता तो ऐकणारा साहेब.

आपल्याकडेही ऐकायला बसा, मग कळेल. कुठल्याही जुन्या परिचराला विचारा, "मामा, हे डिजिटल कसं चाललंय?" उत्तर येईल, "मले कोनी इचारलंच नाही, बाप्पा." या वाक्यात रुसवा आहे आणि भीतीही आहे. संगणक आला की आपली गरज संपली, असे त्याला वाटते. वाटणारच. त्याला कोणी समोर बसवून सांगितलेच नाही की गरज संपली नाही, उलट आता वाढली आहे.

ही भीती परिपत्रकाने जात नाही. खुर्ची ओढून शेजारी बसले की जाते.

नेतृत्व कसे करावे हे शिकायला वऱ्हाडाने परदेशी प्रशिक्षणाला जायची गरज नाही. १८७६ साली शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा गावात पाऊल ठेवताच आधी काय करत? हातात खराटा घेऊन गाव झाडत. कीर्तन रात्री. आपले डिजिटल नेते कीर्तनाने सुरुवात करतात. सादरीकरण, चहापान, घोषणा. खराटा दुसऱ्याच्या हातात. साहेबांनी स्वतः पन्नास वस्तूंच्या नोंदी भराव्यात, परिचराला विचारून भराव्यात. कोणता रकाना निरुपयोगी आहे आणि कोणता राहून गेलाय, ते एका आठवड्यात कळेल.

बाहेरच्या माणसांचेही तेच. मोर्शीच्या पलीकडे, सातपुड्यात, मध्य प्रदेशच्या हद्दीत अंबादेवीच्या चित्रगुहा आहेत. २००७ साली त्या उजेडात कोणी आणल्या? अमरावतीचे डॉ. विजय इंगोले आणि त्यांच्या निसर्गप्रेमी मित्रांनी. हौसेने भटकणाऱ्या माणसांनी. अशी माणसे प्रत्येक तालुक्यात असतात. संग्रहालयांच्या डिजिटल आराखड्यात त्यांना जागा कुठे आहे?

अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. त्याचा चमू १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळ दाखवायला गेला. अशा काळाचे फोटो स्कॅन करणे सोपे आहे. पण तिसऱ्या रांगेत डावीकडून चौथा कोण, हे सांगणारी आजी किती दिवस आहे?

ब्राझीलला हा धडा फार महागात पडला. रिओचे राष्ट्रीय संग्रहालय २ सप्टेंबर २०१८ रोजी जळाले. सुमारे दोन कोटी वस्तूंचा संग्रह, त्यातला बहुतेक गेला. नंतर विद्यार्थ्यांनी जगभरच्या प्रेक्षकांकडे फोटो मागितले. आग लागल्यावर ज्यांना हाक मारली, त्यांना आग लागण्याआधी का बोलावू नये?

म्हणून अमरावती विभागात डिजिटलचे काम काढाल तेव्हा तीन अटी घाला. नोंद ज्याच्या सांगण्यावरून झाली, त्याचे नाव त्या नोंदीत राहिले पाहिजे. निवृत्तीला आलेल्या प्रत्येक माहितगाराबरोबर शेवटचे वर्षभर पगारी तरुण बसला पाहिजे. आणि वस्तू ज्या गावची, त्या गावाला तिची माहिती मराठीत, फुकट मिळाली पाहिजे.

खर्च येईल? येईल. दारातला टचस्क्रीन बंद पडून त्यावर कापड टाकायची वेळ येते, तेव्हा खर्च होतच नाही का?

तेव्हा आमदार-खासदारांनो, निधी मागताना क्रम बदला. आधी अभिरक्षकाची, लिपी वाचणाऱ्याची, परिचराची जागा भरून मागा. मशीनचे काय, ते दुकानात कधीही मिळते.