पेटंटसाहेबांची मुदतवाढ

अठ्ठावन्न वर्षे भरली की साहेबांना शाल-श्रीफळ देऊन निरोप द्यायचा, हा सरकारी शिरस्ता. त्याआधी वर्षभर साहेब मुदतवाढीसाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवतात, ही गोष्ट निराळी. औषधाच्या पेटंटचा सेवानियमही साधाच: अर्जापासून वीस वर्षे, मग खुर्ची रिकामी करून स्वस्त गोळीवाल्यांना बसू द्यायचे. पण खुर्ची कुणाला सुटली आहे?

बेडाक्विलिनचेच पाहा. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरची ही गोळी. जॉन्सन अँड जॉन्सनकडचे तिचे मूळ पेटंट भारतात जुलै 2023 मध्ये निवृत्त होणार होते. पण कंपनीने मुंबईच्या पेटंट कार्यालयात आणखी एक अर्ज आधीच सरकवून ठेवला होता. रेणू तोच, फक्त फ्युमारेट क्षाराच्या रूपात. तेवढ्यावर 2027 पर्यंतची सोय! तोवर रुग्णाने कळ काढावी आणि जंतूंनी जरा दमाने घ्यावे, एवढीच माफक अपेक्षा.

पण दोन बायका आडव्या आल्या. मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले. दोघी क्षयातून उठलेल्या, आणि जुन्या उपचारांत दोघींचे कान गेलेले. कान गेले, पण ऐकून घ्यायची सवय काही त्यांना लागली नाही. 2019 मध्ये त्यांनी हरकत दाखल केली. जुन्याच रेणूला नवे रूप दिले आणि गुण वाढला नाही, तर पेटंट नाही, असे आपल्या कायद्याचे कलम 3(डी) सांगते. 23 मार्च 2023 रोजी, जागतिक क्षयरोग दिनाच्या आदल्या दिवशी, अर्ज फेटाळला गेला.

मग चमत्कार झाला. त्याच ऑगस्टमध्ये जागतिक खरेदीच्या यादीत ल्युपिनची गोळी आली आणि जॉन्सनच्या गोळीचा भाव निम्म्याहून खाली उतरला. समोर दुसरे दुकान उघडताच संशोधनाचा सगळा खर्च वसूल झाला म्हणायचा!

असे प्रकार पुन्हा होऊ नयेत म्हणून सरकारही जागे झाले. मंजुरीआधीची हरकत पूर्वी फुकट घेता येई. मार्च 2024 च्या नियमांनी तिला शुल्क लावले. शिवाय ती ऐकण्याजोगी आहे की नाही, हे अधिकारी आधीच ठरवणार. रास्तच आहे. लाखोंचे औषध स्वस्त करायचे आणि पावतीही फाडायची नाही, हे कोणत्या खात्यात चालते?