आहेराची वही

रविवारी संध्याकाळी भाची आली. स्टेशनवरून शेअर रिक्षाने आमच्या चंदनसारला पोहोचेपर्यंत माणसाचा निम्मा जीव जातो. पण हिचा चेहरा खुललेला आणि हातात पेढ्यांचा पुडा. दारातच म्हणाली, "मामा, माझा एच-इंडेक्स चार झाला!"

मी घाबरलो. आमच्या ओळखीचा एच एकच, हिमोग्लोबिनचा. आणि ते चारवर आलेलं माणूस पेढे घेऊन तीन जिने चढत नाही. स्वयंपाकघरातून मामीचा आवाज आला, "बीट किसू का गं?"

मग पोरीने समजावलं. ती परळला जैववैद्यक संशोधन करते. तिचे चार पेपर असे आहेत, की प्रत्येकाला इतरांनी निदान चार ठिकाणी संदर्भ दिलाय. त्याला ते सायटेशन म्हणतात. म्हणून एच चार. पाच पेपरांना पाच-पाच मिळाले की पाच. होर्खे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली ही मोजणी काढली, आणि तेव्हापासून नोकरी, बढती, अनुदान, जिथे जावं तिथे आधी एच विचारतात.

"आणि एकच पेपर लिहिला, पण हजार जणांनी उचलून धरला तर?"

"तर एच एक."

"म्हणजे ही आहेराची वही झाली," मी म्हणालो. आमच्या लग्नातली वही अजून ट्रंकेत आहे. कोणाचा स्टीलचा डबा, कोणाचे अकरा रुपये, आणि शेजारच्या रकान्यात आपण कधी काय परत केलं ते. भाचीला हे फारच पटलं. म्हणाली, "आमच्याकडेही तू मला दे, मी तुला देतो चालतं. काही जण तर स्वतःच्याच लग्नात स्वतःला आहेर करतात." सगळ्यांत मोठा आहेर मिळाला तो ऑलिव्हर लाउरी यांच्या १९५१ सालच्या पेपरला. त्यात प्रथिनं मोजायची एक रीत सांगितली आहे. तीन लाखांवर सायटेशन्स! खुद्द लाउरींना मात्र तो काही थोर पेपर वाटत नव्हता.

चहा होतो न होतो तोच सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: तातडीने हवे, बॉम्बे ब्लड ग्रुप, कृपया फॉरवर्ड करा. खालच्या किराणावाल्यांनी लगेच खुलासा केला, "हे मुंबईवाल्यांसाठी आहे. आपण पालघर जिल्हा." दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं, "माझा ओ आहे. ओ सगळ्यांना चालतो."

"इथेच नाही चालत," भाची म्हणाली. ए आणि बी हे घटक ज्या पायावर उभे राहतात, त्या पायाचं नाव एच. ओ गटात तो भरपूर असतो. बॉम्बे गटाच्या माणसांच्या रक्तात तो मुळातच नाही. साध्या तपासणीत ती ओ गटाची वाटतात, पण त्यांना ओ रक्त दिलं तर जिवावर बेततं. आपल्यासारख्याच माणसाचं रक्त लागतं, आणि तसा माणूस आपल्या देशात साधारण दहा हजारांत एक.

हे प्रथम ओळखलं ते मुंबईतच, डॉ. वाय. एम. भेंडे यांनी. मे १९५२च्या 'लॅन्सेट'मध्ये पान ९०३ आणि ९०४, एवढाच तो पेपर. नावं सात: मुंबईचे भेंडे, देशपांडे आणि भाटिया, बाकी चौघं इंग्लंडची. पुढे १९९५ साली बॉम्बेचं मुंबई झालं, पाट्या बदलल्या. रक्तातलं बॉम्बे तेवढं राहिलं.

त्या मेसेजमध्ये भेंड्यांचं नाव नव्हतं. रक्ताच्या पिशवीवरही नसतं. तज्ज्ञ आपल्या पेपरात संदर्भ देत असतील. पण शोध पाठ्यपुस्तकातून लोकांच्या तोंडी गेला, की वहीत नोंद कोण करणार? वसईच्या मिठागरांनी किती घरांच्या आमटीला चव दिली, पण आमटी भुरकताना मिठागरवाल्याचं नाव कोणी घेतल्याचं मी ऐकलेलं नाही. आणि त्या दोन पानांना कितीही सायटेशन्स मिळोत, हिर्श यांच्या हिशोबात त्यांची भर एकाचीच. रक्तात एच नसलेल्या माणसांना ओळखणाऱ्यांवर एचनेच असा सूड उगवला!

भाची गेल्यावर मी ट्रंकेतून वही काढली. शेवटच्या पानावर लिहिलं: डॉ. भेंडे आणि मंडळी, १९५२, दोन पानं. पुढचा परतफेडीचा रकाना कोराच ठेवलाय. माझाही गट ओ आहे, येत्या रक्तदान शिबिरात बाही वर करायची, आणि सुई टोचायच्या आधी विचारायचं, "अहो, एच तपासता ना?"