डोक्याला धक्का न लागता बंगळुरात एम.टेक. कसे करावे

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकून इंजिनिअर होण्यासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले होते. पुढे पुण्यात १९८१ साली निघालेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळुराला गेली आणि वाहतुकीची दिशा पालटली. आता कोल्हापूर-नांदेडकडचा मुलगा आयटीतली पदव्युत्तर पदवी घ्यायला बंगळूरची गाडी पकडतो, आणि ती पदवी नेमकी कशी पार पाडावी हे त्याला कोणी शास्त्रशुद्ध सांगत नाही. ही उणीव भरून काढण्यापूर्वी इच्छुकाने एक हिशेब पाहून घ्यावा. मोठ्या आयटी कंपन्यांत नवख्याला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास मिळतात, म्हणजे दोन वर्षांचे सात लाख. गेट ही प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होऊन पूर्णवेळ एम.टेक.ला बसणाऱ्याला महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन, म्हणजे चोवीस महिन्यांचे २,९७,६००. फी बाजूला ठेवली तरी फरक चार लाखांचा. या चार लाखांत एकच वस्तू मिळते: कोणी मॅनेजर मागे उभा नसताना दोन वर्षे विचार करण्याची मोकळीक. ती वापरली न जाता घरी परत कशी आणावी, एवढाच या मार्गदर्शनाचा विषय आहे.

पहिली पायरी गेटची. तीन तास, पासष्ट प्रश्न, शंभर गुण. त्यातले पंधरा सामान्य क्षमतेचे. गुणपत्रक तीन वर्षे चालते, त्यामुळे काहीही न ठरवता तीन वर्षे राहण्याची सोय आपोआप होते. २०२४ पासून डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्ता असा स्वतंत्र पेपरही निघाला आहे. संगणकशास्त्राचा पेपर द्यावा की हा, याचा निर्णय आवडीवर सोडू नये. कोणत्या पेपराचे पॅकेज मोठे, हे क्लासच्या फलकावर वाचावे. ऑटोमाटा, ग्राफ, ऑपरेटिंग सिस्टिम हे विषय पाठ करताना त्यांचा एकमेकांशी संबंध आहे असा संशय आलाच, तर तो परीक्षेनंतर पाहू म्हणून बाजूला ठेवावा आणि परीक्षेनंतर विसरावा.

दुसरी पायरी संस्थेची. १९०९ मध्ये स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था सर्वांत प्रतिष्ठेची आणि म्हणूनच सर्वांत धोक्याची. तिथले प्राध्यापक ज्यांची उत्तरे अजून कोणालाच ठाऊक नाहीत अशा प्रश्नांवर काम करतात, आणि हा संसर्ग कँटीनमध्येही होऊ शकतो. कर्नाटक सरकार आणि आयटी उद्योग यांनी मिळून १९९९ मध्ये काढलेली आयआयआयटी इलेक्ट्रॉनिक्स सिटीत आहे. तिथे कंपन्यांच्या इमारती समोरच असल्याने नजर पुस्तकावर फार वेळ टिकवण्याची सक्ती स्वतःवर करू नये. बंगळुरातली कितीतरी महाविद्यालये मात्र विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत, आणि या विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून बेळगावात आहे. बेळगावच्या मराठी मुलाने दोन वर्षे बंगळुरात खोलीभाडे भरावे आणि गावच्याच विद्यापीठाची पदवी घेऊन परतावे, यापेक्षा निर्मळ व्यवहार दुसरा नाही. ग्रंथालयात न जाण्याचे कारण म्हणून पूर्वी सिल्क बोर्डाच्या चौकातली वाहतूककोंडी पुरत असे. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच चौकावरून जाणारी आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र ही मेट्रोची यलो लाइन सुरू झाल्यापासून ते कारण लंगडे पडले आहे. इच्छुकाने वेळीच दुसरे शोधावे.

तिसरी पायरी प्रबंधाची. विषय असा घ्यावा की त्याचे उत्तर आधीच माहीत आहे: कोणाच्या तरी तयार डेटावर कोणाचे तरी तयार मॉडेल चालवून अचूकता दोन टक्क्यांनी वाढली, असे म्हणता आले की काम झाले. ती का वाढली, हे मार्गदर्शकही सहसा विचारत नाहीत. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार इतरांच्या लिखाणाशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. चाळीस टक्क्यांपर्यंत सुधारून सहा महिन्यांत पुन्हा सादर करता येते. साठाच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. तेव्हा शब्द बदलण्यात कुचराई नको. पहिल्या वर्षाची सुट्टी इंटर्नशिपला आणि दुसरे वर्ष मुलाखतीच्या प्रश्नसंचांना दिले की मोकळीक कुठेही शिल्लक राहत नाही.

यावर काही आक्षेप येतील. कंपन्यांना मास्टर्सच लागते, हा पहिला. पुरावा उलट सांगतो. इन्फोसिस मैसूरच्या आवारात मेकॅनिकल-सिव्हिलच्या पदवीधरांनाही काही महिन्यांत प्रोग्रॅमिंग शिकवून कामाला लावत आली आहे. विप्रो १९९५ पासून बी.एस्सी. झालेल्यांना आधी नोकरी देते आणि त्यांचे पुढचे शिक्षण नोकरी चालू असतानाच बिट्स पिलानीसारख्या संस्थेकडून करवून घेते. रोजच्या कामाला मास्टर्स लागत नाही. ते लागते चिपची रचना, कंपायलर, नवे अल्गोरिदम अशा ठिकाणी, आणि तिथे मुलाखत घेणारा नेमके तेच विचारतो जे आपण परीक्षेनंतर विसरलो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लहान गावातल्या कॉलेजात ज्या कंपन्या फिरकत नाहीत त्या मोठ्या संस्थेत येतात, मग त्यासाठी चार लाख का मोजू नयेत? जरूर मोजावेत. पण तो दरवाजा गेटच्या त्या तीन तासांत उघडलेला असतो. मुलाखतीच्या तयारीला काही महिने पुरतात. उरलेला वेळ कोणी मागितलेला नसतो, तो आपणच भीतीने देऊन टाकतो.

तिसरा आक्षेप घरून येतो: डोक्यावर कर्ज असताना विचार करत बसणे ही श्रीमंतांची चैन. हे खरे आहे, आणि म्हणूनच कर्जदाराला हा मार्ग मुळीच परवडत नाही. त्याने लगेच नोकरी धरावी, हवी तर शनिवार-रविवारची पदवी करावी. दोन वर्षे उत्पन्न सोडून तीच नोकरी दोन वर्षे उशिरा मिळवण्यात काटकसर कुठली?

म्हणून वरच्या तिन्ही पायऱ्या काटेकोर पाळण्याचा ज्याचा निर्धार पक्का आहे, त्याला शेवटचा सल्ला: अर्ज भरूच नये. विचार न करण्यासाठी चार लाख मोजण्याची गरज नाही. इलेक्ट्रॉनिक्स सिटीत त्याच गोष्टीचे वर्षाला साडेतीन लाख मिळतात.